पाच मुठी मीठ

माझ्याबद्दल हुबळी-धारवाडात दोन गोष्टी सांगतात. एक, अंबूताईची जीभ तिखट आहे. दोन, तिनं प्रभंजनवर सूड उगवला. दोन्ही खऱ्या आहेत. उगाच साळसूदपणाचा आव कशाला आणू? उगवला सूड, आणि चांगला चवीनं उगवला. पण लोक सांगताना मिठाचा भाग निम्माच सांगतात, म्हणून म्हटलं आपणच सांगावं.

जयतीर्थ माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा आणि मी सोळा. वर्षापूर्वीच कपाळ पांढरं होऊन मी माहेरी परत आले होते. म्हणजे त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत मास्तर होईपर्यंत सगळं माझ्या हातचं. धारवाडला तो सायन्स शिकवायचा. स्वभावानं इतका गरीब की वर्गातली पोरं त्याच्यादेखत चिंचा खायची. भांडण म्हटलं की हा देवघरात जाऊन बसायचा. आमच्या घरचा सगळा राग देवानं माझ्या एकटीच्याच वाट्याला घातला.

त्याला एकच वेड होतं. लोखंड आगीत का कुजतं? "अक्का, पावसात लोखंड गंजतं ते सगळ्यांना दिसतं. पण ते आगीतही गंजतं, ते कुणी बघत नाही," असं म्हणायचा. हुबळीच्या कापसाच्या जिनांमधून, तेलाच्या गिरण्यांमधून भट्टीच्या सळया चार-चार महिन्यांत खपल्या धरून गळायच्या. लालबुंद लोखंडावर एक पापुद्रा चढतो, तो सुटून पडतो, खाली दुसरा चढतो, असं करत करत बोटाएवढी सळई काडीएवढी होते. ह्याला वाटायचं, ह्यावर काहीतरी इलाज असणारच. आमच्या परसात, रायापूरकडच्या बाजूला, त्यानं लोहाराचा भाता आणून भट्टी घातली. अळणावरचा कोळसा आणायचा आणि शाळा सुटली की तिथंच. आठ वर्षं!

इलाज त्याला सापडला तो माझ्या स्वयंपाकघरात. माझी दोन जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली त्यानं कानशीनं घासघासून त्यांचा भुगा केला. "अरे मेल्या, भात कशात शिजवू?" म्हटलं तर हसला. तो भुगा, पांढरी माती आणि कल्हईवाल्याकडचा चिमूटभर नवसागर एकत्र करून त्यात लोखंडाची पट्टी पुरायची, डबा मातीनं लिंपायचा आणि दिवसभर भट्टीत ठेवायचा. जर्मन लोखंडाच्या अंगात उतरतं म्हणे. मग त्या पट्टीवर पापुद्राच धरत नाही. आगीत ठेवा नाहीतर आणखी कुठं, जशी घातली तशी बाहेर.

पण असं नेहमी व्हायचं नाही. काही पट्ट्या महिना महिना टिकायच्या आणि काही आठवड्यात सडून जायच्या. डबा तोच, माती तीच, कोळसा तोच. जयतीर्थ डोकं धरून बसायचा. दोन वर्षं त्यानं ह्याच्यात घालवली. त्याच दिवसांत एक सडकी पट्टी भट्टीतून काढताना तिची खपली तडकली आणि त्याच्या डाव्या डोळ्यात गेली. डोळा गेला. दवाखान्यातून पट्टी बांधून आला तो थेट परसात, राहिलेला तुकडा बघायला.

आणि मग एका शनिवारी त्यानं मला बघितलं.

आता कुणीही म्हणेल, त्यात काय बघायचं? घरात भावाचं एवढं मोठं काम चाललंय, येणारेजाणारे डोकावून बघतात, नजर लागायला कितीसा वेळ? मी दर शनिवारी मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्या भट्टीवरून उतरवत होते आणि आत टाकत होते. तडतड आवाज झाला की मला बरं वाटायचं. जयतीर्थ मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "अक्का, हे कधीपासून करतेस?"

"तू भट्टी घातलीस तेव्हापासून. एक शनिवार चुकवला नाही. घरात विटाळ असला किंवा मी गावाला गेले तेवढाच काय तो खंड."

तो धोंड्यावर बसला. वही आणली, बोटानं तारखा बघत गेला. मी गावाला गेले होते त्या आठवड्यांतल्या पट्ट्या टिकल्या होत्या. इतर वेळच्या पट्ट्यांतही मीठ ज्यांच्यावर पडलं त्या सडल्या, कोपऱ्यातल्या वाचल्या. मीठ तापून पातळ होतं आणि तो लेप खाऊन टाकतं, असं त्यानं मला समजावलं. आवाज चढवला नाही. "पुढच्या शनिवारी चुलीत टाक की," एवढंच म्हणाला.

मी आत जाऊन रडले. कारण हिशेब मलाही येतो. डोळ्यात गेलेली खपली कुठल्या आठवड्यातली, ते मी मोजून बघितलं होतं. तो शनिवार माझाच होता. त्यानंही मोजलं असणार, पण आपण होऊन त्यानं कधी तोंडातून अक्षर काढलं नाही.

वहीत त्यानं सगळं लिहिलं, फक्त हे मिठाचं नाही. तिथं अर्धं पान कोरं ठेवलं. मी विचारलं तर म्हणाला, "काय लिहू? माझ्या अक्कानं भट्टीत मीठ टाकलं म्हणून? लोक तुला हसतील. बघू मग." मेला, माझी अब्रू राखायला निघाला होता!

आता प्रभंजन. हा जयतीर्थचा शाळासोबती. लहानपणी आमच्याच ओसरीवर अभ्यासाला बसायचा. त्याची खोड मला तेव्हापासून ठाऊक. मास्तरांनी शाबासकी दिली की "मी केलं", आणि शाई सांडली की "जयतीर्थनं सांडली". एकदा आमच्या देव्हाऱ्यातली समई त्याच्या हातून पडून वाकली. मी विचारायच्या आत ह्यानं जयतीर्थकडं बोट दाखवलं होतं, आणि तो गाढव गप्प उभा! ही सवय प्रभंजनच्या हाडात शिरलेली. पुढं तो कमरीपेठेतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात मॅनेजर झाला. हॅट घालायला लागला. हॅटखाली शेंडी आणि कोटाखाली दृष्टीचा काळा दोरा होताच.

एके दिवशी आला. "अंबूताई, तुमच्या हातचं कटाचं सार किती वर्षांत खाल्लं नाही!" मी मूर्ख, वाढलं. तीनदा भात घेतला त्यानं. जेवून परसात गेला, भट्टी बघितली, वही चाळली आणि म्हणाला, "जयतीर्थ, दोन दिवस दे. सावकाश वाचतो आणि आणून देतो."

सहा महिने गेले. वही आली नाही, पण वर्तमानपत्र आलं. त्यात ह्याचा फोटो. 'हुबळीच्या तरुण इंजिनियरचा शोध. भट्टीत न कुजणारं लोखंड. प्रभंजन-लेप.' जयतीर्थनं दोनदा वाचलं, घडी घातली आणि दुसऱ्या दिवशी हुबळीला गेला. संध्याकाळी परत आला. प्रभंजननं चार कारकुनांसमोर विचारलं होतं, "कसली वही? कुठली वही? मास्तर, ऊन फार लागलं वाटतं." आणि सगळे हसले होते.

"मग तू काय म्हणालास?"

"काही नाही. जाऊ दे अक्का. कुणाच्या का नावानं होईना, सळया तर टिकतील."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सळया गेल्या खड्ड्यात! डोळा तुझा गेला, नाव त्याचं? तुझ्या नावानं तो लेप ओळखला गेला पाहिजे. नाहीतर मी अंबू नाही." तो देवघरात जाऊन बसला. त्याला वाटलं, अक्का चार दिवस बडबडेल आणि थांबेल. मी तर त्या दिवसापासून बडबडणंच बंद केलं. इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. भाकरी थापताना तव्यात मला प्रभंजनचं तोंड दिसायचं.

वैशाखात अनसूयेचं पत्र आलं. अनसूया माझी मावसबहीण, कमरीपेठेत त्या कारखान्याच्या मागच्याच गल्लीत राहणारी. तिनं सहज लिहिलं होतं: जिनवाल्यांच्या मंडळापुढं प्रभंजनच्या लेपाची परीक्षा आहे. लेपाची एक पट्टी आणि साधी एक पट्टी, पाच दिवस एकाच भट्टीत. सहाव्या दिवशी सगळ्यांसमोर काढायच्या. मंडळाचे मुख्य श्रीकांतअप्पा. श्रीकांतअप्पा म्हणजे म्हातारा, करडा, सगळ्या हुबळीत ज्यांच्या शब्दाला मान असा माणूस.

मी पत्र तीनदा वाचलं. मग जयतीर्थला म्हटलं, "अनसूयेकडं शेवया करायला जाते." ट्रंकेत दोन लुगडी, शेरभर खडेमीठ आणि लुगड्याच्या घडीत जयतीर्थच्या हातची लेप दिलेली एक पट्टी. पट्टी कशाला, ते कळेल पुढं.

परीक्षेच्या पहिल्या संध्याकाळी कारखान्याच्या आवारात जत्रा भरल्यासारखी माणसं. भट्टी फुललेली, तोंडाचं झाकण उघडलेलं, आत विटांवर दोन पट्ट्या लाल होऊन पडलेल्या. प्रभंजन हॅट काढून लोकांना समजावत होता. मला बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. भांडायला आली असंच वाटलं असणार. मी पदर सावरला आणि गोड आवाजात म्हटलं, "काय रे प्रभंजन, एवढी माणसं टक लावून बघतायत, दृष्ट काढलीस का कुणाकडून?"

तो चाचरला. "नाही हो अंबूताई. ते राहूनच गेलं."

"अय्यो! आमच्याच ओसरीतला पोर तू. मीच काढते. झालं गेलं सोडून दे, आपलं माणूस ते आपलं."

श्रीकांतअप्पा म्हणाले, "काढू दे की. मोठ्या बाईंचा हात आहे." प्रभंजनची छाती फुगली. जयतीर्थच्या घरून माफी चालत आली आणि तीही मंडळासमोर! त्याच्या चेहऱ्यावरचं ते समाधान बघून मला जो आनंद झाला तो काशीला जाऊनही झाला नसता.

मूठ भरून मी त्याच्यावरून, भट्टीवरून तीनदा उतरवली. "आल्यागेल्याची, पाप्याची, चोराची, सगळ्यांची दृष्ट जाऊ दे जळून." 'चोराची' जरा ठासून म्हटलं. मोहऱ्या-मिरच्या नावाला चार, बाकी सगळं मीठ. आणि नेम धरून टाकलं, बरोबर लेपाच्या पट्टीवर. तडतडलं. लोक "वा" म्हणाले.

भट्टीवर अळणावरचा महादेव होता. वीस वर्षं भट्टीपुढं घालवलेला, भुवया जळून गेलेल्या. त्यानं झाकण लावलं आणि हात जोडून म्हणाला, "अव्वा, उद्या बी या. रोज काढावी."

"येते की," मी म्हटलं.

पाच दिवस, पाच मुठी. रोज संध्याकाळी मंडळाला पट्ट्या दाखवायला झाकण उघडायचे आणि रोज मी हजर. वर प्रभंजन मला खुर्ची द्यायला सांगायचा! ह्यानं वही वाचली, उतरवली, त्याप्रमाणं पट्टी केलीही ठीक. पण वहीत मिठाचा शब्द नव्हता. स्वतः आठ वर्षं भट्टीपुढं भाजून घेतलं असतं तर मीठ बघून उडी मारली असती त्यानं. तिसऱ्या दिवशी पट्टीच्या कडा फुगलेल्या मला दिसल्या. त्याला दिसल्या नाहीत, तो लोकांकडं बघत होता.

सहाव्या दिवशी सकाळी भट्टी निवली. महादेवनं चिमट्यानं साधी पट्टी काढली. सडलेली होती, ते ठरलेलंच. मग लेपाची काढली. काढता काढता तिचे दोन तुकडे झाले आणि एक तुकडा खाली पडून त्याच्या खपल्या खपल्या झाल्या. दोन्ही पट्ट्या एकाच लायकीच्या.

श्रीकांतअप्पांनी काठीनं त्या खपल्या उकरल्या. "प्रभंजनराव, हा तुमचा शोध?"

मी श्वास धरून उभी होते. सगळं ह्या एका क्षणावर टांगलेलं. मला त्याची खोड ठाऊक होती, पण माणूस बदलतो म्हणतात. समजा तो म्हणाला असता, चूक माझी, तर मी तोंडघशी पडले असते आणि जयतीर्थची वही गेली ती गेलीच असती.

बदलला नव्हता. देवा, कसा बदलेल!

"अप्पा, खरं सांगू का," प्रभंजन घाम पुसत म्हणाला, "ही कृती मुळात माझी नाहीच. धारवाडचे एक मास्तर आहेत, जयतीर्थ. त्यांच्या वहीवरून मी जशीच्या तशी केली. विश्वास ठेवला, हीच माझी चूक. सगळं त्यांचं आहे."

"सगळं?" मी विचारलं.

"सगळं! अक्षर न अक्षर. अंबूताई, राग मानू नका, पण तुमच्या भावानं मला फसवलं." आणि पुरावा म्हणून तो आत धावत गेला आणि वही घेऊन आला. तीच वही, निळ्या कापडाची, कोपऱ्यावर माझ्या हळदीचा डाग. चार कारकुनांसमोर जी ह्याला ठाऊकच नव्हती ती वही.

मी श्रीकांतअप्पांना म्हटलं, "अप्पा, माझ्या भावावर एवढा ठपका येतोय. तोंडी नको. लिहून घ्या आणि सही घ्या."

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले. मंडळाच्या कारकुनानं लिहिलं: लेपाची कृती संपूर्णपणे धारवाडच्या जयतीर्थ मास्तरांची आहे, प्रभंजन यांचा त्यात काहीही हात नाही. प्रभंजननं वाचलं आणि 'काहीही' ह्या शब्दाखाली आपण होऊन रेघ मारली. मग सही केली. शाई वाळेपर्यंत मी कागदाकडं बघत होते. अप्पांनी घडी घालून तो खिशात ठेवला.

मग मी कमरेची पिशवी सोडली आणि उरलेलं मीठ त्यांच्यासमोर भट्टीच्या काठावर ओतलं.

"अप्पा, पट्टी सडली ती ह्यामुळं. पाच दिवस पाच मुठी मीठ मी टाकलंय, जाणूनबुजून. मिठापुढं हा लेप टिकत नाही हे जयतीर्थला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. ज्याचा शोध त्याला ठाऊक असणारच. ह्याला नव्हतं." आणि ओच्यात बांधून आणलेली ती पट्टी काढून ठेवली. "ही माझ्या भावाच्या हातची. घाला भट्टीत पाच दिवस. महादेवला राखण ठेवा. मीठ टाकलं नाही आणि ही सडली, तर मला ह्याच आवारात झाडू मारायला ठेवा."

प्रभंजन एकदम उसळला. "बघा! बघा! ह्या बाईनं घात केला! म्हणजे कृती बरोबर होती! अप्पा, कृती माझीच आहे, तो कागद द्या इकडं!"

पहिल्यांदा महादेव हसला. मग मागं कुणीतरी. मग ते हसणं सगळ्या आवारात पसरलं. कारकूनही हसले, प्रभंजनचेच ते, जयतीर्थला हसलेले. श्रीकांतअप्पा हसले नाहीत. खिशावर हात ठेवून म्हणाले, "प्रभंजनराव, रेघ तुम्हीच मारलीत."

तो माझ्याकडं बघत राहिला. मी डोळा लवू दिला नाही. समईपासूनचं सगळं त्या बघण्यात फेडून घेतलं.

पट्टी पाच दिवस राहिली. अप्पांनी महादेवच्या जोडीला आपली दोन माणसं बसवली. काढली तेव्हा करडी, सपाट, आणि अप्पांनी काठीनं ठोकली तर खणखणीत वाजली. पुढच्या महिन्यात मंडळाच्या पत्रकात छापून आलं, 'जयतीर्थ-लेप'. आजही जिनांमधली माणसं तेच नाव घेतात.

जयतीर्थला अप्पांनीच बोलावून सांगितलं. घरी आला तेव्हा मला वाटलं, पाया पडेल. कसलं काय! जन्मात पहिल्यांदा माझ्यावर ओरडला. "अक्का, चालू परीक्षेत मीठ? लाज नाही वाटली? लेप सडताना बघवला तुला?"

"बघवला," मी म्हटलं. "तुझा डोळा जाताना बघितलाय, त्यापुढं लेपाचं काय!"

तो तडक बाहेर गेला. बराच वेळ परसात होता. मग अप्पांनी परत दिलेली वही घेऊन आत आला, ते कोरं अर्धं पान काढलं आणि दौत पुढं ओढली. "एकेका मुठीत किती होतं? अंदाजे सांग. आणि पट्टी फुगायला लागली तो दिवस कितवा?" मी सांगत गेले, तो लिहीत गेला. शेवटी लिहिलं, 'हे सर्व माझी बहीण अंबूताई हिनं केलं आणि पाहिलं.' ह्या वेळी लोक हसतील वगैरे काही म्हणाला नाही.

त्या शनिवाराबद्दल, डोळ्याबद्दल, मी त्याच दिवशी त्याला विचारलं. "मोजलं होतंस ना रे?" तो म्हणाला, "हो अक्का," आणि पान टिपून घेतलं. त्याची माफी मी मागितली नाही, त्यानं दिली नाही. ते तसंच आहे आमच्यात.

प्रभंजन अजून हुबळीतच असतो. कारखाना सुटला, हॅट सुटली. अनसूयेकडं गेले की कधी कमरीपेठेत समोरून येताना दिसतो आणि मला बघून रस्ता ओलांडतो. मी मुद्दाम थांबते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारते, "प्रभंजनराव, वाळलात की हो! दृष्ट काढू का?"